उंबऱ्यावरचे पीच

धप्प! रजईचं गाठोडं उंबऱ्यावरून उडालं आणि थेट अंगणात, पर्सिमनची फळं सुकवायच्या रिकाम्या बांबूंखाली, अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या चिखलात जाऊन पडलं.

"आता हिलाही फेकू का त्याच्यामागं? सांग ना! फेकू का?" ब्योंगहो बायकोवर ओरडत होता.

'ही' म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. ओक्रान दारात तशीच उभी राहिली, एक बूट काढलेला, एक पायात... ती रजई तिनं स्वतःच्या हातांनी शिवली होती. अख्खा हिवाळा देजोन शहरातल्या आपल्या गाद्या-रजयांच्या दुकानात, गिऱ्हाइकांची कामं आटोपली की ती एकेक टाका घालत बसायची आणि प्रत्येक टाक्याला मनातल्या मनात म्हणायची, ही माझ्या सेबोमच्या अंगावर जाणार, माझ्या भावाच्या लेकीच्या अंगावर! आणि ती रजई आज चिखलात पडली होती. तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं, पण डोळ्यांत मात्र तिनं टिपूस येऊ दिलं नाही.

"मी बोलावलंय वन्संना," मल्सुक म्हणाली. नवऱ्यापुढं कधी आवाज न चढवणारी ही बाई आज ओट्याशी टेकून, हातातला झारा घट्ट धरून बोलत होती. "उद्या पोरगी वसतिगृहात जायची. तिथं काय लागतं, काय चालतं, पालकांच्या मेळाव्यात काय करायचं असतं, आपल्याला दोघांना काही कळतंय का? ख्रिस्ती विद्यापीठ आहे ते. कुणाला विचारणार होते मी? तुमच्या काकांना?"

"मेळाव्याला जातंय कोण!"

ओक्रानला मात्र हे सगळं पाठ होतं. दरवर्षी फेब्रुवारी आला की तिच्या चर्चमधल्या बायका नव्या मुलांच्या आईबापांना बोलावून घेत, सातूचा चहा पाजत, आणि ओक्रान त्यांच्यासमोर बसून समजावत असे. रोज सकाळी उपासनेला हजेरी लावावी लागते, पण मनात काय धरायचं ते कुणी विचारत नाही. पोर पहिले आठ दिवस रडेल, तुम्ही फोनवर रडू नका. डबे कमी पाठवा, पांघरूण जाड पाठवा. किती परक्या आयांचे डोळे तिनं पुसले होते! पण स्वतःच्या भावाच्या घराची पायरी तिला सोळा वर्षं बंद होती.

आणि कशी बंद झाली होती... आईच्या अंत्यविधीत सगळं खानदान तसबिरीपुढं जमिनीला कपाळ टेकून नमस्कार घालत होतं. ओक्रान तोवर विधवा झाली होती, चर्चमध्ये जाऊ लागली होती. ती नुसती हात जोडून, मान खाली घालून उभी राहिली. काका उसळले, मावश्यांनी तोंडाला पदर लावावा तशी तोंडं झाकली. ब्योंगहोनं तिला दंडाला धरून बाहेर काढलं आणि म्हणाला, माझी बहीण आईबरोबरच गेली. तेव्हा सेबोम जेमतेम दोन वर्षांची होती.

"न वाकलीस ते एक परवडलं," आता तो ओक्रानकडे न बघता, भिंतीकडे बघत बोलत होता. "पण दरवर्षी आईच्या थडग्यावर पाकातल्या पीचचा डबा नेऊन ठेवतेस! ह्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं, पितरांपुढं पीच ठेवत नाहीत, पीच पाहिला की आत्मा पळतो. आज तिची तिथी. आज मी तिला जेवायला बोलावणार, आणि ही बाई सकाळीच टेकडीवर जाऊन तिला हाकलून आली! आलीस ना? मी आणला उचलून तिथनं. दरवर्षी आणतो उचलून. तुझ्या देवानं शिकवलं का तुला हे, आईला उपाशी ठेवायला?"

ओक्रानचे ओठ हलले. सांगून टाकावं! एका वाक्यात सगळं सांगून टाकावं!... पण इस्पितळातल्या त्या वाळक्या हाताचा स्पर्श तिला मनगटावर जाणवला आणि तिनं दुसऱ्या हातानं ते मनगट दाबून धरलं.

"काही बोलायचं नाही ना? मग मीच विचारतो." ब्योंगहो वळला. पन्नाशी उलटलेला, उन्हानं रापलेला तो माणूस, पण ओठ लहानपणी रडू आवरताना थरथरायचे तसेच थरथरत होते. "एकुलती एक पोर आहे मला. मुलगा नाही. मी मेल्यावर माझं तिथीचं ताट हीच मांडणार. इतक्यांच्या आईबापांना शहाणपण शिकवतेस, मग मला खरं सांग. चार वर्षं तिथं राहिल्यावर ही पोरगी माझ्या ताटापुढं वाकेल का?"

सेबोम जिन्यापाशी उभी होती. बहिऱ्या मुलांना शिकवायचं शिक्षण घ्यायचं तिनं शाळेतच ठरवलं होतं, आणि ते तिला ह्याच एका ठिकाणी मिळालं होतं. तिची नजर आत्याला विनवत होती, हो म्हण, आत्या, नुसतं हो म्हण!

खोटं बोलणं किती सोपं होतं! पण ज्या बाईनं खोटं वाकणं टाळून घर गमावलं, तिच्या तोंडून खोटा होकार कुठला यायला?

"मला ठाऊक नाही रे," ओक्रान म्हणाली. "वाकेल, नाहीही वाकेल. मी सगळ्याच बापांना हेच सांगते. पण ती तुला विसरणार नाही, एवढं मी लिहून देते."

"ऐकलंस?" तो बायकोकडे वळून कडवट हसला. "सांगत नव्हतो मी? जाऊ दे तिला. खुशाल जाऊ दे! पण एकदा गेली की ह्या दारातून परत यायचं नाही. एक बहीण गेली, आता एक लेक गेली. मी समजेन माझं घर बायकांनीच रिकामं केलं."

"बाबा!" सेबोम किंचाळली आणि तिथंच पायरीवर बसली.

ओक्रानच्या अंतःकरणात काहीतरी तुटलं. हेच शब्द! सोळा वर्षांपूर्वी तिच्या कपाळी आले, तेच आज ह्या कोवळ्या पोरीच्या कपाळी! परक्या गावातलं एकटं घर, सणाच्या दिवशी गप्प बसलेला फोन, गावची बस दिसली की तोंड फिरवणं... हे सगळं सेबोमच्या वाट्याला?

"ब्योंगहो," ती म्हणाली, "तिला असं पाठवू नकोस. तुला काय हवं ते माझ्याकडून घे."

मग त्याच्या डोळ्यांत एक क्रूर लकाकी आली. "काहीही?"

"काहीही."

"मग आज संध्याकाळी आईच्या ताटापुढं वाक. कपाळ जमिनीला लावून. तू वाकलीस तर मीही मेळाव्याला येतो आणि पोरीला आशीर्वाद देऊन सोडतो. बोल!"

"अहो, काय मागताय हे! लाज वाटू द्या थोडी!" मल्सुक कळवळली.

मनातल्या मनात ओक्रान आपल्या देवाशी बोलत होती. तू मला माफ करशील की नाही मला माहीत नाही, पण ही पोर दाराबाहेर पडली तर मी स्वतःला माफ करणार नाही... मग तिनं पायातला दुसरा बूट काढला आणि आत आली.

"वाकते," ती म्हणाली.

संध्याकाळी ताट मांडलं गेलं. हल्ली सगळेच तिथीचा विधी मध्यरात्रीची वाट न बघता संध्याकाळीच उरकतात. ब्योंगहोला आपल्या ताटाचा फार अभिमान. सफरचंदं, नासपती, खजूर, आणि त्याच्या स्वतःच्या हातचे सुकवलेले पर्सिमन, साखर धरलेले, ओळीनं लावलेले. मासा पूर्वेकडं, मांस पश्चिमेकडं. मधोमध वाफाळता भात आणि त्यात उभा रोवलेला चमचा. आईला आत यायला म्हणून अंगणाकडचं दार थोडंसं उघडं ठेवलं होतं, आणि त्या फटीतून गार वारा आत येत होता. तसबिरीतली आई कपाळावर आठी घालून सगळ्यांकडे बघत होती. फोटो काढायचा म्हटलं की ती नेहमी तशीच आठी घालायची.

ब्योंगहो वाकला. मल्सुक वाकली. सेबोम हुंदके देत वाकली. मग सगळे बाजूला झाले.

"ये," ब्योंगहो म्हणाला.

ओक्रान पुढं आली. तसबिरीकडे बघत ती पुटपुटली, "आई, तू तर जाणतेसच..." आणि तिनं गुडघे टेकले.

"थांबा!"

मल्सुकच्या हातातला सूपचा वाडगा जमिनीवर आपटून फुटला. "वन्सं, उठा! उठा म्हणते ना! तुम्ही वाकलात तर सासूबाईंना मी तोंड कसं दाखवू?"

"मल्सुक, काही बोलू नकोस," ओक्रान घाईनं म्हणाली.

"बोलणार! इतकी वर्षं तोंड शिवून बसले, आता बोलणार!" मल्सुक नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत इस्पितळात मी खाली सतरंजीवर झोपायचे. ह्या मायलेकींना वाटलं मला झोप लागलीय. वन्संनी पीचचा डबा आणला होता. आजाऱ्याला नेतात तो साधा डबा. तुमच्या आईनं फोडी खाल्ल्या, वरचा पाकसुद्धा पिऊन टाकला, आणि म्हणाल्या, माझा लेक माझं ताट देखणं मांडेल, पण त्यात पीच काही ठेवणार नाही. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून पितरांची ताटं मांडतेय, पीच घरात आणायचीसुद्धा चोरी! आता मेल्यावरही पीच नाही का गं? मी कशाला पळतेय पीचला बघून! तुम्हा चर्चवाल्यांना भुताखेतांची भीती नाही ना, मग तू आण माझ्यासाठी. म्हणून वन्सं आणतात! हाकलायला नाही... जेवू घालायला आणतात!"

ब्योंगहोनं उघड्या दाराकडे पाहिलं.

"आणि मला सांगितलं का नाही?" त्यानं बहिणीला विचारलं.

"आईनंच बजावलं होतं," ओक्रान खाली बघत म्हणाली. "म्हणाली, त्याला सांगू नकोस. आपल्या ताटात काही उणं होतं असं कळलं तर त्याला घास जायचा नाही."

"आणि तू?" तो बायकोवर वळला.

"वन्सं गप्प राहिल्या म्हणून मी गप्प राहिले. आणि खरं सांगू? मला तुमची भीती वाटते हो! ह्या घरात सगळ्यांना तुमची भीती वाटते!"

ब्योंगहो तिच्याकडे बघतच राहिला. मग पायांत काही न घालता अंगणात गेला. शेडचं दार करकरलं. आत ओक्रान गुडघ्यांवर तशीच बसून होती. उठावं की बसावं तिला सुचेना. सेबोम येऊन तिच्या पाठीशी बिलगली.

तो परत आला तेव्हा त्याच्या काखेत चिखलानं माखलेलं गाठोडं होतं आणि हातात पीचचा डबा. टेकडीवरची माती अजून त्याला चिकटलेली.

"आजचा हा," तो म्हणाला. "बाकीच्या वर्षांचे सगळे आहेत शेडमध्ये. फेकता येईनात... आईच्या थडग्यावरचं अन्न कसं फेकायचं? आणि खायचं तरी कसं? ठेवून दिले एकावर एक. गंजले."

त्यानं बाहीनं डबा पुसला, उघडला आणि पिवळ्याधमक फोडी एका पांढऱ्या वाडग्यात ओतल्या. ताटाकडे वळला, थबकला. सफरचंद, नासपती, खजूर... एवढ्या वर्षांची शिस्त हाताला सोडवेना. मग तो दाराकडे गेला आणि त्या उघड्या फटीपाशी, उंबऱ्यावर, वाडगा ठेवला.

"इथं ठेवतो," तो कुणालाच उद्देशून म्हणाला. "येता येता आधी हे खाऊ दे तिला. मग सावकाश येईल आत."

मल्सुकनं तोंडावर हात दाबला. ब्योंगहो बहिणीसमोर आला.

"ऊठ, ताई."

ताई! सोळा वर्षांत पहिल्यांदा! ओक्रानला इतका वेळ अडवलेले अश्रू आवरेनात.

"ऊठ म्हणतो ना. वाकायचं काही नाही. तुझी प्रार्थना कर हवी तर, उभी राहून. पण मनात कर. मोठ्यानं केलीस तर काका तिकडून येतील काठी घेऊन."

मग त्यानं स्वतःच पुन्हा तसबिरीपुढं कपाळ टेकलं. टेकलं ते उचललंच नाही. खांदे गदगदत राहिले आणि जमिनीशी दबलेला त्याचा आवाज आला, "एवढंच हवं होतं तर मला सांगायचंस ना गं, आई... मी आणला नसता का? शिव्या दिल्या असत्या, पण आणला असता ना..."

ओक्रान पुढं झाली. गुडघे टेकून, जमिनीपर्यंत वाकून तिनं दोन्ही हातांनी भावाला उठवलं. मागून पाहणाऱ्याला वाटलं असतं, अखेर ही वाकलीच! वाटू दे. तिला आता त्याचं काही नव्हतं.

"रजई सुकत घाल शेगडीनं तापलेल्या फरशीवर," नाक ओढत ब्योंगहो लेकीला म्हणाला. "सकाळी लवकर निघायचंय, सगळ्यांनाच. आणि ताई, त्या मेळाव्यात सगळ्यांनी डोळे मिटले तरी मी मिटणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

"नको मिटूस," ओक्रान म्हणाली. "पण रडू आलं तर माझ्याकडे रुमाल आहे."

"रडतंय कोण!" तो ओरडला, आणि बाहीनं डोळे पुसत उंबऱ्यावरच्या वाडग्याकडे बघत राहिला.