मुल्डरांची पाती

फेन्ना सायकल भिंतीला टेकवून आत आली, तेव्हा तिचे बाबा, हार्म, खाटेवर बसून वाटाण्याचं सूप पीत होते. न्यूमोनिया उतरणीला लागला होता, आवाज मात्र अजून बसलेला होता.

"मीठ कुठाय यात? आजारी माणसाला जीभ नसते का?"

"असते की. दिवसभर चालूच आहे."

दार वाजलं. शेजारच्या गेजिनाकाकू अंगात काळा कोट आणि हातात झाकलेला केक घेऊन उभ्या होत्या. हार्मना पाहताच त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"अगं बाई! तुम्ही तर बसलायत!"

"उभा राहू?" हार्म म्हणाले. "केक कुणाच्या मयतीचा आहे?"

काकूंचा चेहरा उतरला. "पाती सुतकात थांबलीत, हार्म. म्हणून आले."

फेन्ना बाहेर धावली. त्यांच्या पवनचक्कीच्या चार पात्यांपैकी वरचं पातं माथा ओलांडून जरासं पलीकडे कललं होतं. चक्कीवाल्याच्या घरात कुणी गेलं की पाती तशी थांबवायची. लग्न असेल, बाळ आलं असेल, तर माथ्याच्या जरा अलीकडे. गावाला निरोप कळतो. पण बाबा आजारी पडल्यापासून वर कुणी गेलंच नव्हतं.

फेन्ना शहरात भौतिकशास्त्र शिकवत असे. थंडीत लाकूड आकसतं, ब्रेक घसरला असेल, असं तिला वाटलं. तिने पाती सरळ केली, ब्रेक आवळला, पात्याचं टोक सज्जाच्या खांबाला साखळीने बांधलं. मग थेट चक्कीच्या घुमटात चढून ब्रेकच्या ठोकळ्यावरून चाकापर्यंत खडूची एक रेघ ओढली; चाक जरा जरी हललं, तर रेघ मोडेल.

जेवणानंतर पाहिलं, तर पाती पुन्हा सुतकात. साखळी ताठ होती. खडूची रेघ मोडलेली नव्हती.

ती खाली आली. बाबांचा ताप पुन्हा चढला होता.

"तुझ्या आजोबांच्या वेळीही असंच झालं," ते धापा टाकत म्हणाले. "आधी पाती, मग माणूस. आपण मुल्डर ना, दळणारे. फ्रेंचांच्या राज्यात आडनावं नोंदवायला लावली, तेव्हा आपला पूर्वज भुवयांवर पीठ घेऊनच कचेरीत गेला. कारकुनाने विचारलंसुद्धा नाही. लिहून मोकळा झाला."

"मग काय? बाकर म्हणजे पाववाला. आपल्या गावचे बाकर विमा विकतात. स्मिट म्हणजे लोहार, आणि त्यांची लीन दात उपटते. आडनाव म्हणजे काय वेठबिगारी आहे?"

"त्यांच्या भट्ट्या मोडल्या, पोरी. आपली चक्की उभी आहे. तिला वाटतं, आपण तिचे."

"तिला काय वाटायचं ते वाटू दे. तुम्हाला नेऊ देणार नाही मी."

ती सज्जावर गेली. साखळी सोडली. या वेळी पाती सरळ केलीच नाहीत. वरचं पातं माथ्याच्या अलीकडे, आनंदाच्या जागी आणलं. ब्रेकचा दोर कमरेला गुंडाळला आणि पाय रोवले.

वारा अजिबात नव्हता. कालव्याचं पाणी काचेसारखं पडलं होतं.

दोर ओढला जाऊ लागला.

"नाही," फेन्ना म्हणाली.

तळवे सोलले. दोरावर रक्ताचा ओला डाग उमटला. डोक्यावर पाती कण्हत होती.

"मीपण मुल्डरच आहे!" ती ओरडली. "पाती कुठे थांबवायची, ते मुल्डर ठरवतो. तू नाही!"

दोर एकदम सैल पडला.

तिने वर पाहिलं. वरचं पातं माथ्याच्या अलीकडेच होतं.

ती हसत, धडपडत घराकडे आली. बांधावरून गेजिनाकाकू लगबगीने येत होत्या. काळा कोट गेला होता, गळ्यात फुलाफुलांचा रुमाल होता. ताटलीत टोस्ट, त्यांवर बडीशेपेच्या गुलाबी-पांढऱ्या गोळ्या. बारशाघरी वाटतात तसे.

"लबाड कुठली! आम्हाला पत्ताही लागू दिला नाहीस. मुलगा की मुलगी?"

"बाळ-बीळ कुणाचं नाही, काकू. बाबा वाचले, एवढंच."

"मला नको शिकवू. रडणं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं."

फेन्नाने खोलीचं दार ढकललं.

बाबा उशीला टेकून बसले होते. गालांवर रंग आला होता. एक हात छातीशी दुमडलेला, दुसऱ्याचं बोट ओठांवर.

"हळू," ते कुजबुजले. "आत्ता कुठे झोपलाय."

दुमडलेल्या हातात नुसतं पांघरूण होतं. बाबांचा श्वास संथ चालला होता. पांघरुणाची घडी मात्र भराभर वर-खाली होत होती.