सात वर्षं मागचा लॅपटॉप

झेनेबूमावशीच्या कॉफीच्या टपरीत मी रडायच्या बेतात होते, आणि नेमका तेव्हाच शेजारच्या स्टुलावरचा एक तरुण हसला.

"हसायला काय झालं?" मी फणकारले.

"लॅपटॉपला आईची शपथ घालताना आज पहिल्यांदाच ऐकलं कुणाला..."

मी तरी काय करणार! दोन तासांनी जिम्मा विद्यापीठात परीक्षकांसमोर प्रबंध मांडायचा होता. रानकॉफीच्या बेचाळीस जाती, दोन वर्षांची पायपीट — सगळं एका मोठ्या विचारनकाशात, फांदीला फांदी जोडून. आणि नकाशाचं ते सॉफ्टवेअर उघडायलाच तयार नव्हतं. चौकट यायची, मिटायची. काढून पुन्हा टाकलं, तीनदा बंद-चालू केलं... ढिम्म!

"बघू मी? बिन्याम. कॉफी उत्पादकांच्या सोसायटीचे वजनकाटे दुरुस्त करतो."

"मी मेकलित. आणि हा वजनकाटा नाही."

"पण अडून बसलाय तसाच." त्याने लॅपटॉप अलगद ओढून घेतला. त्याच्या नखांत कॉफीच्या फळांचा लाल रंग होता. "काल काही झालं होतं याला?"

"बॅटरी पार मेली होती. नवी घातली. तारीख पुसली गेली, ती मीच भरली."

"वर्ष कोणतं घातलंत?"

"दोन हजार सतरा. चालू आहे तेच."

"आपल्या पंचांगाचं?"

"मग काय शेजाऱ्यांच्या?"

तो इतका हसला, की मावशीच्या लाह्यांचं ताट हललं. "अहो, आपलं पंचांग जगाच्या सात वर्षं मागे चालतं; या बिचाऱ्याला बाहेरच्या जगाचं दोन हजार चोवीस साल कळतं. तुम्ही त्याला सात वर्षं मागे ढकललंत! तुमच्या सॉफ्टवेअरचा परवाना यंदाचा. त्याला वाटतंय, तो अजून सुरूच व्हायचाय."

मी कपाळावर हात मारला. त्याने साल बदललं, आणि माझ्या बेचाळीस फांद्या पडद्यावर डुलत उभ्या राहिल्या. आनंदाने मी त्याचा हात धरला... आणि चटकन सोडला.

दोन पेले झाले होते. मी उठले, तशी मावशी कडाडली, "अगं, तिसरा आशीर्वादाचा असतो! तो टाकून उठतात का?"

"उशीर होतोय, मावशी!"

"जा तुम्ही," बिन्याम म्हणाला. "तिसरा मी राखून ठेवतो."

मी पास झाले. एका परीक्षकाने तर टाळ्या वाजवल्या. पण दिवसभर मला आठवत होती ती लाल नखं आणि ते हसू. मला तो आवडला होता, अगदी मनापासून.

दुसऱ्या सकाळी मी पुन्हा टपरीत. तो होताच.

"परत उघडत नाहीये," मी लॅपटॉप पुढे सरकवला.

त्याने कोपऱ्यात पाहिलं. दोन हजार सतरा. "ही चूक तर काल कळली होती तुम्हाला..."

"हो... कळली होती."

"पोरा," मावशी धुरातून ओरडली, "तुला काटे कळतात, मुली नाही!"

त्याचे कान लाल झाले. बोट बटणापर्यंत गेलं... आणि मागे आलं.

"राहू दे सतराच," तो हळूच म्हणाला. "कालपासून वाटतंय — तुला भेटायला मला सात वर्षं उशीर झाला."

मावशीने तिसरा पेला भरून माझ्या हातात दिला. मी एक घोट घेतला आणि तो त्याच्यापुढे धरला.

"उशीर कसला?" मी म्हणाले. "तारीख बघ ना — आज सतरा सालच आहे."