टांगमान

'तळाची झडप' या कादंबरीवर पहिल्या महिन्यात जे जमा झालं, ते असं होतं. शेवटच्या पानापर्यंत पोचलेले वाचक एक लाख ब्याऐंशी हजार. लेखी मतं सहा हजार चारशे नऊ. त्यांतली पाच तारे देणारी चार हजारांहून थोडी जास्त, एक तारा देणारी दोनशे सात. झडप कुठल्या बाजूला फिरवली की बंद होते, यावर एका निवृत्त अभियंत्याने आकृतीसह पाठवलेलं मत एक. 'लेखकाने समुद्र कधी पाहिला आहे का?' असं विचारणारी तीन. चुकून आलेली कोथिंबीरवडीची कृती एक. आणि शेवटच्या पानाखालचं 'मी येतो' हे बटण दाबणारे सतरा. त्यांतले चार लेखकाचे नातेवाईक होते.

लेखक दिगंबर मेथर हे आकडे घेऊन डॉ. ऋता सोवनींच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत बसला होता. कादंबरी त्याने या बटणासाठीच लिहिली होती.

त्या काळात तेल संपलं नव्हतं, फक्त लोकांनी ते जाळणं सोडलं होतं. समुद्राच्या तळाशी सिमेंटची बुचं मारून सोडून दिलेल्या विहिरी तशाच होत्या आणि तीसेक वर्षांत बुचं झिजली होती. वर आलेलं तेल लाटांत घुसळून घट्ट होई आणि डांबराच्या गोळ्यांच्या रूपाने किनाऱ्याला लागे. वाळूवरचे गोळे यंत्र उचलत असे. खडकांच्या फटींतलं डांबर मात्र माणसाच्या हातानेच खरवडावं लागे, आणि हात पुरेसे नव्हते. म्हणून सरकारने हजेरीचा नियम केला होता. ठरलेल्या दिवशी ओहोटीला अधिकारी किनाऱ्यावर येऊन डोकी मोजत. तीनशे भरली तर तेल अडवणारा तरंगता बांध त्या गावाला आणखी तीन वर्षं मिळे. नाही भरली तर तो किनारा 'मिटलेला' म्हणून नोंदवला जाई. बांध दुसऱ्या गावाला जाई आणि माणसांना आत कुठेतरी घरं मिळत.

दिगंबरचं गाव, सिंधुदुर्गातली खाजणवाडी, या वर्षी हजेरीला लागलं होतं. गावात खडकावर काम करू शकतील अशी माणसं उरली होती चाळीसेक; बाकीची 'मी येतो'मधून यायला हवी होती.

"मला कळत नाही, मॅडम," दिगंबर म्हणाला. "लोकांना पुस्तक आवडलंय. हे वाचा. बारामतीच्या बाई लिहितात, 'पाणबुडीचा पाठलाग वाचताना भाजी करपली.' हे नागपूरचे गृहस्थ, 'सासूबाईंनी माझ्या हातातून ओढून घेतली.' मग येत का नाहीत?"

"तुमच्या पुस्तकात शेवटी काय होतं?"

"पूर्वा, म्हणजे नायिका, विहिरीपाशी उतरते. तेल कंपनीचे गुंड मागे. ती झडप बंद करते. किनारा वाचतो."

ऋताने मतांवरून शोध फिरवला. "यांतल्या अडीच हजारांहून जास्त मतांमध्ये एक वाक्य सारखं आहे. पाहिलंत?"

दिगंबरने पाहिलं. 'शेवटी झडप बंद झाली आणि जीव भांड्यात पडला.' 'हुश्श! जीव भांड्यात पडला.' 'शेवटची वीस पानं श्वास रोखून वाचली, मग एकदाचा जीव भांड्यात पडला.'

"ही स्तुतीच आहे ना?"

"ही स्तुती आहे," ऋता म्हणाली, "आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही आहे."

ज्या पाटीवर लोक पुस्तकं वाचत, तिच्या कडेला अंगठ्याखाली एक पट्टी असे. नाडीची चाल, तळहाताचा घाम आणि बोटाचं तापमान ती टिपे. अर्धवट राहिलेलं काम समोर असलं की शरीर उठायच्या तयारीत राहतं आणि ते या तिन्हींत दिसतं. काम पुरं झालं की तयारी ओसरते. ऋताने या तयारीचं शून्य ते शंभर असं माप बसवलं होतं. जीव पुरता टांगणीला लागलेला असेल तर शंभर, पुरता भांड्यात पडलेला असेल तर शून्य. शोधनिबंधात तिने त्याला लांबलचक नाव दिलं होतं. प्रयोगशाळेत सगळे त्याला टांगमान म्हणत.

"तापमानासारखं," दिगंबर म्हणाला.

"तसंच. तुमच्या वाचकांचं शेवटून दुसऱ्या प्रकरणात सरासरी अठ्ठ्याऐंशी होतं. अठ्ठ्याऐंशीचा माणूस खुर्चीत नीट बसूही शकत नाही. झडप बंद झाली आणि ते आलं बारावर. आणि बारा झाल्यानंतर तुमचं बटण येतं."

"पण तो तर गोष्टीतला किनारा! खरा तसाच आहे, हे त्यांना माहीत आहे."

"त्यांना आहे. शरीराला नाही. काम पुरं झालं का, एवढंच शरीराला कळतं. कुणी पुरं केलं, ते कळत नाही."

गेल्या आठवड्यात दिगंबरच्या बहिणीने, सुमतीआक्काने, गावाहून फोनवर जवळपास हेच सांगितलं होतं. "मेल्या," ती म्हणाली होती, "तुझ्या पुस्तकातला ता पूर्वा चेडू एका रात्रीत किनारो साफ करता. तिकाच हंय धाड. बाकी कोण नको."

त्याने शेवट बदलला. नव्या आवृत्तीत पूर्वा झडपेपर्यंत पोचते, झडप बंद करते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खडकावर पुन्हा डांबर येतं, कारण विहिरी पुष्कळ असतात. ती खरवडायचं पातं घेऊन खाली बसते. पुस्तक तिथेच थांबतं.

मतं आली. 'हा शेवट नाही, हा सरकारी अहवाल आहे.' 'पैसे भरून जीव टांगून घ्यायचा, हा कुठला न्याय?' 'पहिल्या आवृत्तीत वाचलेला किनारा दुसरीत पुन्हा काळा कसा? लेखकाने ठरवावं.' पण टांगमान उतरलं नाही. शेवटच्या ओळीवर सरासरी एक्क्याऐंशी. आणि नावं आली फक्त तेहतीस.

"आता काय अडलं?" दिगंबरने विचारलं. हजेरीला पाच आठवडे उरले होते. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

ऋताने एका वाचकाचा आलेख उघडला. नाव झाकलेलं होतं, मत तेवढं दिसत होतं. मत लांब होतं आणि मनापासून लिहिलेलं होतं. 'आपण सगळे दोषी आहोत. माझ्या आजोबांच्या दोन गाड्या होत्या. आपण समुद्राकडून घेतच राहिलो आणि आता त्याच्याकडे पाठ फिरवून बसलो आहोत. हे पुस्तक प्रत्येकाने वाचलंच पाहिजे. आता तरी जागे व्हा!'

"चांगला माणूस आहे," दिगंबर म्हणाला.

"आहेच. लिहायला लागला तेव्हा त्र्याऐंशी होता. 'जागे व्हा' लिहिलं तेव्हा चौतीस. 'पाठवा' दाबल्यावर नऊ." ऋताने चष्मा काढून डोळे चोळले. "हा एकटा नाही. चिडून एक तारा देणाऱ्यांचंही तसंच. रडणाऱ्यांचंही. मत दिलं की शरीराच्या दृष्टीने काहीतरी केलेलं असतं."

"म्हणजे मतं बंद करायची?"

"मी मोजते फक्त. काय करायचं ते मला विचारू नका."

प्रकाशनाचे व्यवस्थापक फडणीस हे ऐकून हसले. "मताची खिडकी बंद? मेथर, लोक पुस्तक कशासाठी वाचतात असं वाटतं तुम्हाला? मत द्यायला मिळावं म्हणून वाचतात. जेवायला वाढायचं आणि हात धुवायला पाणी द्यायचं नाही, असं झालं हे."

"दहा हजार प्रती. फक्त हजेरीपर्यंत."

"आणि त्या वाचकांनी काय करायचं? तो टांगलेला जीव घेऊन फिरायचं घरभर?"

हा प्रश्न दिगंबरलाही पडला होता. ऋताच्या निरीक्षणात असे वाचक आले होते. त्यांना रात्री नीट झोप लागत नव्हती आणि ते घरच्यांवर चिडत होते. ओळख नसलेल्या माणसांच्या छातीवर असं ओझं ठेवायचा आपल्याला काय अधिकार, हे त्याने ऋतालाही विचारलं होतं. तिने पुन्हा तेच उत्तर दिलं होतं, की ती फक्त मोजते.

शेवटी फडणीसांनी दहा हजार प्रती दिल्या. "तुमच्या गावासाठी म्हणून," ते म्हणाले. "आणि पुढचं पुस्तक शेवटासकट द्याल म्हणून."

त्या प्रतींत शेवटच्या ओळीनंतर मताची खिडकी नव्हती, तारे नव्हते, इतरांचं काय म्हणणं आहे तेही नव्हतं. खाजणवाडीचं नाव होतं, हजेरीची तारीख होती आणि 'मी येतो' होतं. पहिलं नाव दिगंबरने स्वतःचं घातलं. त्या रात्री त्याला कित्येक आठवड्यांनी गाढ झोप लागली.

महिन्याभरात चारशे बारा नावं जमली.

सुमतीआक्काने शाळेच्या पडवीत चटया टाकल्या. चुलीसाठी लाकडं आणली. "चारशे माणसांक पेज खयच्या टोपात करू?" असं तिने फोनवर विचारलं, आणि पुष्कळ दिवसांनी ती हसली.

हजेरीच्या दिवशी सकाळी ऋता प्रयोगशाळेत आली, तेव्हा दिगंबर तिथे बसलेला होता.

"तुम्ही इथे?" ती दारातच थांबली.

"तुम्ही म्हणाला होतात ना, लेखकाचंही एकदा मोजायचंय म्हणून."

"आज हजेरी आहे."

"हो. निघणार होतो काल. मग म्हटलं, चारशे बारा आहेत, आपण आठवडाभराने गेलो तरी चालेल. गर्दीत मी काय करणार होतो?" तो जरा ओशाळून हसला. "खरं सांगू, निवांत वाटतंय हल्ली."

ऋताने पट्टी त्याच्या अंगठ्याला लावली. आकडा एकोणीस आला. तिने तो लिहून घेतला. मग त्याच्याकडे न बघता तिने 'मी येतो' दाबणाऱ्यांचे आलेख उघडले. दाबण्याच्या आधीचे आणि नंतरचे. हे तिने आधी कधी पाहिलं नव्हतं. नावं जमत होती, म्हणून पाहण्याची गरज वाटली नव्हती.

दाबल्यानंतरचा जवळपास प्रत्येक आकडा विशीच्या खाली होता. ती ते पाहत होती तेवढ्यात दिगंबरचा फोन वाजला.

"दिगू, मोजणी झाली रे," आक्काचा आवाज वाऱ्यात तुटत होता. "एकशे सदतीस. तुझ्या पुस्तकातले शहाण्णव इले. बाकीचे आमी गावचे."

"शहाण्णव?"

"बरी माणसा आसत. हात सोलपाटले तरी उठले नाय. पण एकशे सदतीस म्हणजे एकशे सदतीस." तिने वाऱ्यावर आवाज चढवला. "सायेब बरो आसा. म्हणता, उद्या ओहोटीक परत एकदा मोजतंय, मगे सही करतंय. तू खय पोचलंस? कणकवलीक?"

पट्टीवरचा आकडा चढत होता. पन्नास. सत्तर.

"आक्का, मी अजून पुण्यातच आसंय."

पलीकडे नुसता वारा ऐकू आला. आकडा ब्याण्णव झाला. दिगंबर उभा राहिला होता. खुर्ची मागे कलंडली होती आणि त्याचा एक हात आपोआप खिसे चाचपत होता.

ऋताने घड्याळ पाहिलं. कणकवलीची गाडी स्वारगेटहून तासाभराने होती. "मेथर," ती हळू आवाजात म्हणाली, "फोन ठेवा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. बोलून टाकलं की आकडा उतरेल, हे त्याला समजलं होतं.

"दिगू?" आक्का म्हणाली. "बोल रे. मिया आयकतंय."

"ठेवा," ऋता म्हणाली. "आत्ता काही बोलू नका. निघा. गाडीत बसल्यावर बोला." फक्त मोजणाऱ्या बाईने असं बोलायला नको होतं, हे तिच्या लक्षात आलं, पण तिने हात पुढे केलाच.

दिगंबरने फोन कानापासून दूर केला नाही. आक्का एकटी खडकावर उभी होती आणि बोल म्हणत होती. "आक्का," तो म्हणाला, "माका माफ कर." मग तो थांबला नाही. बाबा गेले तेव्हा आपण दोनच दिवस राहिलो, ते त्याने सांगितलं. किनाऱ्याची भीती वाटते म्हणून आपण किनाऱ्यावर पुस्तक लिहिलं, ते सांगितलं. आईच्या जाळ्याला डांबर लागलं होतं तो दिवस सांगितला. उद्या ओहोटीच्या आत येतो, नक्की येतो, आता निघालोच, असं तीन वेळा सांगितलं. तो रडला. पलीकडे आक्काही रडली आणि म्हणाली, "जावंदे रे. बरा झाला बोललंस ता."

फोन बंद झाला. दिगंबरने कलंडलेली खुर्ची सरळ केली, तिच्यावर बसला आणि चेहरा पुसला.

ऋताने तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. फोन येण्याआधी एकोणीस. मोजणी कळल्यावर ब्याण्णव. फोन ठेवल्यावर सात.