कोऱ्या चकतीवरचं बोट

"फुंकू नका!" स्टेला ओरडली.

दारातल्या माणसानं हातातल्या खोक्यावरची धूळ उडवायला ओठ पुढं केले होते. ते तसेच राहिले. सावेडीतल्या त्या लहानशा प्रयोगशाळेतला वजनकाटा इतका नाजूक, की जवळ कुणी जोरात श्वास सोडला तरी आकडा हलायचा.

"मग श्वास घेऊ का नको?" त्यानं हळूच विचारलं.

"घ्या. पण तिकडं तोंड करून."

हा रॉबिन, राहात्याचा. पुण्यात मेट्रोच्या बोगद्यात हवेतली धूळ मोजायचं काम करायचा. यंत्रानं हवा ओढली की धूळ पांढऱ्या गोल चकतीवर बसायची. शनिवारी गावी जाताना तो वाटेत त्या चकत्या स्टेलाकडं वजनाला द्यायचा आणि सोमवारी परतताना कोऱ्या घेऊन जायचा.

"एवढी काळी कशी हो?" तिनं एकदा विचारलं.

"लोखंडाची हाय. चाकं रुळाला घासत्यात ना. गाडी यायच्या आधी वारा येतो... अन् ही सगळी धूळ दिव्याखाली चमकत ऱ्हाती. छातीला वाईट, पण दिसतं लई भारी."

त्या संध्याकाळी घरच्या खिडकीतून तिरपं ऊन आत आलं. त्यात कण तरंगत होते. स्टेला बघत बसली. चहा गार झाला.

मग एका सोमवारी त्यानं राहात्याचे पेरू आणले. दोघांनी व्हरांड्यात तिखटमीठ लावून खाल्ले. आत येऊन ती वजन करून ठेवलेल्या कोऱ्या चकत्या डब्यांत भरू लागली, तसा तो म्हणाला, "दिवसभर काळंच बघतो मी. म्हणून इथं आलं की बरं वाटतं... तुमचा पांढरा कोट बघून."

"कोटच बघता का?"

"न्हाई," तो म्हणाला.

त्याच आठवड्याच्या शनिवारी शेवटचं खोकं आलं. रॉबिनचं पुढचं काम नागपुरात होतं, पण हे माप नीट निघालं तरच. प्रत्येक खोक्यात एक चकती कोरीच राहते. ती बोगद्यात जाते, पण यंत्रात न घालता तशीच परत येते. तिचं वजन वाढलं, तर सगळं माप बाद आणि ठपका बोगद्यात धूळ मोजणाऱ्यावर.

कोरी चकती जड भरली.

"गेलं नागपूर," रॉबिन मटकन खाली बसला. "पण मी ती डबी उघडलीच न्हाई ओ, आईशप्पत!"

स्टेलानं चिमट्यात धरून चकती उजेडात नेली. कडेला बोटाचा फिकट लालसर ठसा होता. तिखटमिठाचा. चकती फेकून दिली असती, तर ठसा कुणाचा ते कुणाला कळलं नसतं. साहेबांनी तिला मागच्याच महिन्यात मेमो दिला होता. दुसरा मिळाला तर घरीच बसायचं.

"तुम्ही नाही, मी," ती म्हणाली. "चिमटा विसरले. बोटांनीच उचलली."

"तुमी? चिमटा विसरला? कधी?"

"तुम्ही 'न्हाई' म्हणालात ना... तेव्हा."

रॉबिनचे कान लाल झाले. तिनं फेरमोजणीचा अर्ज पुढं ओढला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'स्टेला साळवे यांचा हात लागला. तीन आठवडे मोजमाप पुन्हा करावे.'

"म्हंजे आनखी तीन शनिवार?"

"हो. आणि साहेब मला ठेवतात की काढतात, ते सोमवारी कळेल."

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली.

"याची एक झेरॉक्स द्या मला."

"कशाला?"

"आई विचारती, शनिवारी यायला एवढा उशीर का व्हतो. तिला दावतो."

"अहो, त्यात माझं नाव आहे!"

"म्हनून तर."