खिडकीत एकच देवदूत

“आजपासून ह्या खिडकीत एकच उभा राहील!” असं म्हणून बापानं खिडकीतला लाकडी देवदूत मानेला धरून उचलला, त्याच्या दोन्ही हातांतल्या मेणबत्त्या फुंकरीसरशी विझवल्या, आणि मागं वळूनही न पाहता म्हणाला, “जा तू.”

रोझविथा गेली. सत्तावीस वर्षांची होती. रस्त्यावर बर्फात पेटी टेकवून तिनं एकदाच मागं पाहिलं, तेव्हा खिडकीत फक्त लाकडी खाणकामगार उरला होता, तिच्या धाकट्या भावाचा, गोटहार्टचा...

त्या डोंगरातली रीतच तशी. नाताळाआधीचे चार आठवडे घराच्या खिडकीत जितके मुलगे तितके खाणकामगार, जितक्या मुली तितके देवदूत. प्रत्येकाच्या दोन हातांत दोन ज्योती. वाटसरूनं दारही वाजवायला नको, रस्त्यावरूनच घरातली पोरं मोजावीत. आणि त्या संध्याकाळी ज्यानं कुणी मोजलं असेल, त्याच्या हिशेबी त्या घराला मुलगी नव्हती!

ह्याला चौतीस वर्षं झाली. आता रोझविथा एकसष्ट वर्षांची विधवा होती आणि रोस्टॉकहून निघालेल्या नाताळ सहलीच्या बसमध्ये सतराव्या नंबरच्या खुर्चीवर बसली होती. बसमध्ये त्रेचाळीस माणसं होती, म्हणजे शहाऐंशी कान, आणि त्यातले निम्मे तरी शेजारच्या एडेलट्राउट कुलमानबाईंच्या एकटीच्याच डोक्याला असावेत असा अंदाज होता.

“तीन दिवस बघतेय,” केकचा डबा पुढं करत कुलमानबाई म्हणाल्या, “ड्रेस्डेनचा बाजार झाला, गरम वाइन झाली, तुम्ही एका दुकानाकडं मान वळवली नाहीत. मग आलात कशाला हो? बसची हवा खायला?”

“बसायला आले.”

“बसायला घरी खुर्ची नव्हती?”

रोझविथा हसली. खरं उत्तर तिलाच धड देता आलं नसतं. जाहिरातीच्या कागदावर पाचव्या ओळीत बारीक अक्षरांत ‘स्टाइनग्रुंड, खेळणी बनवणाऱ्यांचं गाव, दोन तास’ असं छापलं होतं, आणि ती ओळ वाचल्यापासून तिची झोप उडाली होती. एकटीनं गाडी पकडून जायचं तर दारात उभं राहून ‘मी आले’ म्हणावं लागलं असतं. घोळक्यातून गेलं तर काहीच म्हणावं लागत नाही! प्रवाशासारखं उतरायचं, रस्त्याच्या पलीकडून एकदा खिडकी मोजायची, पुन्हा सतराव्या नंबरवर येऊन बसायचं. माणूस आपल्याच घरी चोरासारखं जायला किती पद्धतशीर बेत आखतो...

“मंडळी, स्टाइनग्रुंड!” ड्रायव्हर लोथारनं माइक ठोकला. “पाचाला निघायचं. डोकी मोजल्याशिवाय मी हलत नाही. काल एक बाई मेणबत्त्यांच्या दुकानात राहिल्या होत्या, नाव घेत नाही, त्या चौथ्या रांगेत बसल्यात!”

बस हसली. रोझविथानं मात्र डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढून घेतला.

एक तास तिनं चर्चच्या भिंतीआड काढला. चारनंतर उजेड उतरला, घरोघरी खिडक्या पेटू लागल्या, आणि ती वळणावरून खाली आली. तेच घर! तेच उतरतं छप्पर! घरामागं, बापाच्या जळलेल्या कारखान्याच्या जागी नवा कारखाना... आणि खिडकीत?

खिडकीत एक देवदूत होता. एकच. शेजारी खाणकामगार नव्हता.

तिनं डोळे पुसून पुन्हा मोजलं. मोजायला होतं तरी किती! एक मुलगी, मुलगा नाही. म्हणजे घर विकलं गेलं होतं. कुणा परक्याच्या लेकीचा दिवा तिथं जळत होता. ज्या भावासाठी तिनं हे दार सोडलं, त्याचीसुद्धा खूण ह्या घरानं ठेवली नव्हती.

सरस तापवायचं भांडं पेटत्या शेगडीवर विसरला होता तो गोटहार्ट. सतरा वर्षांचं पोर. भुशानं पेट घेतला, दोन तासांत बापाचा खेळणी कातायचा चरक, लाकूड, वर्षभराची मेहनत, सगळं राख! बापानं आधीच बजावलं होतं, ‘अजून एक चूक केलीस तर खाणीत धाडीन.’ आणि खाणीनं त्यांच्या आजोबांची फुप्फुसं कशी खाल्ली होती ते रोझविथानं लहानपणी भिंतीपलीकडून रात्र-रात्र ऐकलं होतं. “भांडं मी विसरले,” ती म्हणाली. तीन शब्द. तेवढ्यात एका माणसाचं आयुष्य ह्या ताटातून त्या ताटात वाढून झालं.

“सापडलात!” कुलमानबाईंनी मागून दंड धरला. “चला, ह्याच घरात तोंडातून धूर काढणारे बाहुले मिळतात म्हणे. एकटीनं गेलं की मला महाग सांगतात.”

नाही म्हणायच्या आत ती उंबऱ्याच्या आत होती. पुढच्या खोलीत फळ्यांवर बाहुले मांडले होते, आणि शेगडीजवळ एक अतिशय वृद्ध बाई गुडघ्यांवर शाल घेऊन बसली होती. डोळ्यांवर दुधासारखा पडदा. रोझविथानं ओळखलं. आई...!

“या, या,” म्हातारी आवाजाच्या दिशेनं म्हणाली. “हात लावून बघा, पण पाडू नका. पाडलंत तर पोरगा रागावत नाही, मी रागावते.”

“आजी, खिडकीत एकच देवदूत,” कुलमानबाईंनी लगेच चौकशी उघडली. “एकच लेक वाटतं?”

“मुलगी एक, मुलगा एक. दोन पोरं मला.”

“मग त्याचा खाणकामगार कुठाय?”

“पेटीत. आग लागली त्याच्या पुढच्या वर्षी त्यानंच काढून ठेवला. बापासमोर उभा राहिला, म्हणाला, भांडं मी विसरलो होतो, ताईनं खोटं सांगितलं. बापानं लाकडांच्या ढिगातून देवदूत शोधून आणला, पुसला, परत ठेवला. अकरा वर्षांमागं वारला, तोवर दर नाताळाला आपल्याच हातानं पेटवायचा. आणि गोटहार्ट म्हणाला, ताई घरी येईस्तोवर मी खिडकीत उभा राहणार नाही.”

“अगंबाई! मग लेकीला कळवलंत नाही?”

“तीन पत्रं धाडली. तिन्ही न उघडता परत आली.”

रोझविथाच्या डोळ्यांपुढं ते तीन लिफाफे उभे राहिले. शिव्याशाप असतील ह्या भीतीनं तिनं स्वतःच्या हातानं त्यांवर ‘पत्ता सोडला’ असं लिहिलं होतं. चौतीस वर्षं ती बापाच्या क्षमेची वाट पाहत होती, आणि क्षमा तीनदा दार वाजवून गेली होती!

ती खिडकीशी गेली. देवदूताच्या डाव्या पंखाला जुना सांधा होता. तिनं त्यावर बोट ठेवलं.

“हा... हा मी चौदा वर्षांची असताना पाडला होता,” ती म्हणाली.



“नाही,” म्हातारी हळूच म्हणाली. “तेव्हाही गोटहार्टनंच पाडला होता. चार वर्षांचा होता. तू आपल्या अंगावर घेतलंस. मला कळलं होतं, रोझल.”

“आई...”

“थांब. ऐक. आगीच्या दिवशीही मला कळलं होतं. त्याच्याच बाह्यांना सरसाचा वास होता. मी गप्प बसले गं! पोरगा खाणीतून वाचतोय म्हणून पोरीला बर्फात जाऊ दिलं. त्यानं एका वर्षात तोंड उघडलं. मी आज उघडतेय... मला क्षमा कर असं कुठल्या तोंडानं म्हणू?”

रोझविथा गुडघ्यांवर बसली. त्या सुरकुतलेल्या मांडीत तोंड खुपसून ती एवढंच म्हणाली, “मीही पत्रं उघडली नाहीत, आई. मीही नाही उघडली!”

कुलमानबाई जन्मात पहिल्यांदा काही न विचारता बाहेर पडल्या. जाताना मागच्या कारखान्याच्या दारावर मात्र त्यांनी मूठ आपटली, “अहो दादा, मशीन बंद करा आणि घरात जा! जा म्हणते ना!”

गोटहार्ट आला. एक्कावन्न वर्षांचा, केसांत भुसा. दारातच थबकला. ताईला ओळखलं तसा लहान पोरासारखा हुंदका आला. तो तसाच आत गेला आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली पेटी घेऊन आला.

“ताई, तूच ठेव. माझा हात धजत नाही.”

“तेव्हा धजला असतास तर...” ती रडता रडता म्हणाली, मग त्याच्या केसांतला भुसा झटकला. “जाऊ दे. भांडं उतरवून आलायस ना शेगडीवरचं?”

तो हसला, आणि हसता हसताच डोळे पुसत राहिला.

बाहेर, रस्त्यापलीकडं येऊन थांबलेल्या बसचा हॉर्न वाजला. “बेचाळीस!” लोथार ओरडत होता. “एक कमी!”

“कमी नाही हो,” कुलमानबाई बसच्या पायरीवरून ओरडल्या. “तिची बॅग तेवढी खाली काढा!”

तेवढ्यात म्हातारी काठी टेकत उठली. कुणाचं ऐकेना. दार उघडून, सपाता घालूनच ती रस्त्यापलीकडं गेली, बसच्या बाजूला, आणि वळून आपल्याच घराकडं तोंड करून उभी राहिली. तिला चेहरे दिसत नव्हते, माणसं दिसत नव्हती. धुक्यातून उजेड तेवढा दिसे. आत रोझविथानं खाणकामगाराच्या दोन्ही मेणबत्त्या पेटवल्या. बसच्या काचांना बेचाळीस चेहरे चिकटले होते.

म्हातारीनं बोट वर केलं.

“एक... दोन...” ती मोजू लागली. “तीन...”

आणि चौथी ज्योत सापडेपर्यंत लोथारनं इंजिन बंदच ठेवलं.