सरनोबतांचा हात

सरनोबत तालमीला आले तेव्हा एकाही वादकाने मान वर केली नाही. यात उद्धटपणा नव्हता. कोल्हापूरच्या ‘लोकरंजन’ वाद्यवृंदात संचालकाकडे बघण्याची गरजच उरली नव्हती. प्रत्येकाच्या मनगटावर एक मऊ ठेकापट्टी असे. रमाकांत सरनोबत उजव्या हातात पातळ मोजा चढवून हात हलवत, मोजा ती हालचाल वाचे आणि पट्टी वादकाच्या कातडीवर हलकेच ठोका देई. जोर हवा तर ठोका घट्ट, हळू हवं तर नुसता स्पर्श. वादक डोळे मिटून वाजवत आणि तिकीट काढून आलेल्यांना त्यात फार मोठी तंद्री दिसे.

पट्टी आणली होती सरनोबतांनीच. त्यांची हयात सिनेमाला संगीत देण्यात गेलेली. ध्वनिमुद्रणाच्या वेळी वादकांच्या कानात यंत्राची टिकटिक चालू असते, त्याची त्यांना सवय. वाद्यवृंद हाती आला तेव्हा ‘आले सिनेमावाले उंटावरून शेळ्या हाकायला’ ही कुजबुज त्यांच्या कानावर आली होती. पट्टीने तिला चोख उत्तर दिलं. पुढे त्यांच्या हाताला कंप सुटला, तेव्हाही पट्टीनेच लाज राखली. यंत्र थरथर गाळून टाके आणि वादकांना स्वच्छ ठोका मिळे. नऊ वर्षांच्या कारकिर्दीत एकही प्रयोग बिघडला नाही. आता निवृत्तीआधीचा शेवटचा तेवढा राहिला होता.

त्या सकाळी त्यांच्याच एका जुन्या सिनेमातलं नदीकाठचं गाणं चालू असताना त्यांना शिंक आली. एक नव्हे, लागोपाठ. हात थांबला, गाणं थांबलं नाही. रुमाल शोधून नाक पुसेपर्यंत दुसरा अंतरा आला, आणि त्याआधी, सरनोबत लहर आली की घेत असत तो, किंचित रेंगाळलेला विरामही आला. सरनोबतांनी हात खिशात घातला. वाद्यवृंद शेवटपर्यंत सुरेख वाजला.

“आज अगदी मनासारखं झालं, सर,” मागून कुणीतरी म्हणालं.

यंत्र सांभाळणाऱ्या निहाल मुजावरला त्यांनी विंगेत गाठलं. “माझा हात खिशात होता.”

“बघितलं मी.” निहालने नजर चुकवली. “सर, हात हलल्यावर ठोका पाठवला तर उशीर होतो. म्हणून यंत्र आधीच अंदाज बांधतं. पहिल्यापासून तसंच आहे. तुमचा कंप वाढला तसं ते हाताकडं कमी बघायला लागलं आणि अंदाजावर जास्त चालायला लागलं.”

“किती जास्त?”

“आता जवळजवळ सगळंच.” मग समजूत घातल्यासारखं तो म्हणाला, “पण ते तुमचंच आहे, सर. तुमच्याकडूनच शिकलंय. म्हणून तर विश्वस्त पुढच्या वर्षी दुसरा संचालक नेमत नाहीत.”

सरनोबतांना राग आला, पण तो काढायचा कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. ‘तुमचा हात इथंच राहील’ असं विश्वस्त म्हणाले होते, तेव्हा त्यांना तो सत्काराचा शब्द वाटला होता आणि ते सुखावलेही होते. जाण्यापूर्वी एक गाणं तरी आपल्या हाताने, आहे तशा हाताने, वाजवून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. फजिती झालीच तर ती साऱ्या गावासमोर होणार, हेही त्यांना ठाऊक होतं.

शेवटच्या प्रयोगात नदीकाठच्या गाण्याला ‘वन्स मोर’ आला. कोल्हापूरकर तो मागतातच, आणि पट्टी आल्यापासून दुसऱ्यांदा वाजलेलं गाणं पहिल्याची तंतोतंत नक्कल असे. सरनोबतांनी निहालला पट्ट्या बंद करायची खूण केली. मनगटं गप्प झाली आणि वादकांनी दचकून डोळे उघडले.

“सर, आम्ही बघायचं कुठं?” क्लॅरिनेटवाल्याने खालच्या आवाजात विचारलं. त्याच्या पिढीला संचालकाकडे बघून वाजवायची वेळच आली नव्हती. “हाताकडं की तोंडाकडं?”

सगळे हाताकडे बघू लागले आणि तिथेच फसले. थरथरत्या बोटांत प्रत्येकाला वेगळा ठोका दिसला. ढोलकी पुढे गेली, चेलो मागे राहिला, आणि दोन वराती एकाच गल्लीत शिरल्यासारखं झालं. गॅलरीतून शिट्टी आली. सरनोबतांनी वादन थांबवलं. त्यांचे कान तापले होते. या वयात हे कशाला ओढवून घेतलं, असं त्यांना वाटून गेलं.

पहिल्या व्हायोलिनवर एस्तेर लोखंडे होत्या. वाद्यवृंदात सगळ्यांत जुन्या, पट्टीच्या आधीचा काळ पाहिलेल्या. त्या हळूच म्हणाल्या, “हात राहू द्या, सर. नुसता श्वास घ्या. आम्ही छातीकडं बघतो.”

सरनोबतांनी हात खाली सोडला आणि श्वास घेतला. त्याबरोबर एस्तेरताईंचा गज उचलला गेला, आणि त्यांच्या मागून बाकीचे आले. गाणं फार संथ निघालं, इतक्या संथ लयीत त्यांनी ते आयुष्यात कधी धरलं नव्हतं. दुसऱ्या अंतऱ्याआधी त्यांना धाप लागली. सगळे थांबले, धाप बसेपर्यंत थांबले, आणि तेवढ्या वेळात नाट्यगृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. स्वतःचंच गाणं आपल्याला नवं वाटावं याचा सरनोबतांना इतका आनंद झाला की त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी पुसलेही नाहीत.

पडदा पडल्यावर निहाल धावत आला. “सर, पट्ट्या बंद होत्या, पण मोजा चालूच राहिला. त्याला नाडी कळते, श्वास कळतो. आजचं सगळं टिपलंय त्यानं, धापेसकट. यंत्राला शिकवू? पुढच्या वर्षीपासून दर प्रयोगाला असंच वाजेल.”

‘पुसून टाक’ हे शब्द सरनोबतांच्या ओठांवर आले होते, पण ते बाहेर पडेनात. आपण गेल्यावर हे गाणं असं पुन्हा कुणी ऐकूच नये, असं कुठल्या संगीतकाराला वाटेल? त्यांनी एस्तेरताईंकडे पाहिलं.

“शिकवा की,” व्हायोलिन पेटीत ठेवत त्या म्हणाल्या. “पण आज आम्ही थांबलो ते सर पडतील की काय या भीतीनं. पुढच्या वर्षी आम्ही कुणासाठी थांबायचं?”