मानशीचा पडदा

गौरवीला भुताखेतांचं वावडं नव्हतं; त्यांच्यासाठी वेळ नव्हता, एवढंच. म्हापशाच्या भाड्याच्या खोलीत ती दिवसभर संगणकावर पाणी वाहवायची आणि त्या पाण्यात पातळ पडदे कसे वाकतात, कसे फाटतात ते मोजायची. या खेपेचा पडदा मात्र घरचा होता.

धारगळच्या खालच्या अंगाला त्यांचं खाजन, म्हणजे खाडीला बांध घालून राखलेली भातशेती. बांधात मानस: भरतीला मिटणारं, ओहोटीला उघडणारं लाकडी दार. ते पार कुजलं होतं. गेल्या साली खारं पाणी आत शिरलं. पुन्हा शिरलं तर जमीन तीन वर्षं गेलीच म्हणून समजा. आणि सगुणकाकांनी चारचौघांत छातीठोक सांगून ठेवलेलं, "लाकूड कशाक? माझी पुतणी रबराचो पडदो करता!" आता बोला!

संगणकावर पडदा झकास मिटायचा. फक्त भरती चढली की डाव्या कोपऱ्यात, तळापासून हातभर वर, एक फुगवटा यायचा, तोही खाडीकडे. पाणी आत ढकलतंय आणि रबर बाहेर जातंय! बाहेरून कुणी चिमटीत धरून ओढावं तसं.

गौरवीला आधी गंमत वाटली. हलक्या पडद्यात आकडेमोड अशी उधळते कधीकधी. तिनं गणिताची जाळी बारीक केली, रबर जाड केलं. फुगवटा तिथंच. मग हट्टानं सगळा नमुना आरशासारखा उलटा केला. तरी फुगवटा डावीकडेच. आता मात्र तिला राहवेना. तिनं काकांना फोन लावला.

"काका, जुन्या दाराला डावीकडे काय होतं?"

"भोक. हात जाय एवढा. तू नाय ठेवलंस?"

मापं तिनंच घेतली होती. भोक दिसलंही होतं. कुजलं असेल म्हणून तिनं नकाशात बुजवून टाकलं होतं.

"दाराला भोक? पाणी नाही येणार आत?"

"कधी येवक नाय. भरतीक तो भायरसून दार धरता गो बाय. हात घालूक जागा नको?"

"तो कोण?"

"तेचा नाव घेवचा नसता."

गौरवी हसली. पडदा अखंडच बसवला.

अमावस्येची भरती भर दुपारी होती. गावकरी बांधावर उभे, गौरवी खाली शेताच्या बाजूला गुडघाभर चिखलात. पलीकडे पाणी चढत चढत पुरुषभर झालं. पडदा ताठ मिटला. बांधावरून कुणीतरी "शाबास!" म्हणालं.

तेवढ्यात डावा कोपरा बाहेर ओढला गेला. सुटला. पुन्हा ओढला गेला, या वेळी जोरात.

कडेला चीर पडली. खाऱ्या पाण्याची धार तिच्या ओठांवर आली.

तिनं वर पाहिलं. काकांचा चेहरा उतरला होता. 'हात घालूक जागा नको?' हे त्यांचं फोनवरचं बोलणं तिला आठवलं.

"काका, कोयती द्या!"

"कशाक?"

"द्या म्हणते ना!"

रबराला कोयती लावताना तिचं तिलाच कळत होतं की हा शुद्ध वेडेपणा आहे. पाण्याचा लोट अंगावर येणार म्हणून तिनं डोळे गच्च मिटले आणि हाताएवढं भोक पाडलं.

काहीच आलं नाही.

पडद्याची ओढाताण थांबली. चीर आवळली गेली, धार आटली. वर आरडाओरडा झाला, "वाचला रे, शेत वाचला!" काका तर चक्क रडायला लागले.

गौरवीनं डोळे उघडले. पलीकडे पुरुषभर पाणी, मध्ये उघडं भोक, आणि इकडे एक थेंब नाही. असं होणं शक्य नव्हतं.

ती वाकली. भोक रिकामं नव्हतं. काहीतरी आत येऊन रबराच्या कडेवर घट्ट वळलं होतं.

तिनं बोट लावून पाहिलं. खूप वेळ पाण्यात राहिल्यावर कातडी सुरकुतते, तसं लागलं. आणि गरम होतं.